हंड्यातलं पाणी

शकुताईंच्या घरात त्या श्रावणात एक बाळंतीण होती, आणि ती खेकडी होती.

बोरीवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाला लागून असलेल्या सोसायटीत त्यांचं घर. गॅलरीत एरवी गावाहून आलेली कोकमं आणि आठळ्या वाळत पडायच्या, तिथे आता प्लास्टिकचा एक पसरट टब होता. एका अंगाला दगड रचून उतार केलेला, दुसऱ्या अंगाला चार बोटं पाणी, त्यात ओढ्यातून आणलेला कुजका पाला. दगडांच्या कपारीत ती बसून असायची. रंग ओल्या मातीचा, नांग्यांची टोकं तेवढी नारिंगी. पोटाखाली झडप, आणि झडपेआड तिची पिल्लं.

संघमित्राने, म्हणजे सुनेने, एकदा टॉर्च मारून त्यांना ती दाखवली होती. समुद्रातल्या कुर्लीची पिल्लं जन्मली की पाण्याबरोबर वाहून जातात, आईला त्यांची ओळखसुद्धा राहत नाही. पण ओढ्यातली खेकडी अंड्यातून बाहेर आलेली पिल्लंही पोटाशी धरून बसते, ती आपापली चालायला लागेपर्यंत. शकुताईंना हे ऐकून इतकं बरं वाटलं की त्या दिवसापासून त्यांनी खेकडीचं नाव माहेरवाशीण ठेवलं.

ती घरात आली कशी, तर संघमित्राच्या कॉलेजात, अंधेरीला, प्रयोगशाळेच्या छताचा गिलावा खाली आला आणि दुरुस्तीसाठी सगळ्या खोल्या बंद झाल्या. दुसरं काही असतं तर संघमित्राने ओढ्यात परत सोडून दिलं असतं. पण ओढा तरी कुठे राहिला होता? उन्हाळ्यात त्याच्या दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या, काठांतली बिळं बुजली, आणि लग्नाच्या आधीपासून ती प्रबंधासाठी ज्या खेकड्यांच्या मागे हिंडत होती ते दिसेनासे झाले. वनखात्याची परवानगी हातात घेऊन ती पाऊस लागल्यापासून शोधत राहिली तेव्हा ही एकच मिळाली, तीही पोटुशी. ही जात इतरांहून वेगळी आहे असा संघमित्राचा अंदाज होता. पिल्लं जगली, वाढली, तर ते सांगता येणार होतं. पुढे कधी एखाद्या जिवंत ओढ्यात त्यांचं बीज पुन्हा पेरताही आलं असतं. नाहीतर सगळं इथेच संपलं.

हे सगळं शकुताईंना ठाऊक होतं. म्हणूनच घाटमाथ्यावरचे ओढे बघायला संघमित्राला जावं लागलं तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या की मी बघते तुझ्या माहेरवाशिणीला, तू निर्धास्त जा.

संघमित्राने जाण्याआधी दोनदा सगळं समजावलं. रोज सकाळी थोडं पाणी काढायचं, थोडं नवं घालायचं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. खायला उकडलेलं गाजर आणि किंचित सुका जवळा. जवळ्याचं नाव निघताच शकुताईंनी पदर नाकाला लावला, तेव्हा मुलगा प्रीतम हसून म्हणाला की तेवढं मी घालीन, आईचा श्रावण बाटायला नको. आणि सगळ्यात मोठी ताकीद साबणाची होती. साबण नको, फिनेल नको, डासांचा फवारा नको, भांडं पुसायच्या फडक्यालाही साबणाचा वास नको. "एक थेंब गेला ना आई, तर ती मरेल," संघमित्रा म्हणाली होती. त्या कामासाठी तिने एक निळी बादली वेगळी ठेवली होती.

गुरुवारी ती गेली. शुक्रवारी संध्याकाळी शकुताई बादली भरायला गेल्या तर तिच्या कडेला पांढरा फेस वाळलेला. प्रीतमने त्याच बादलीत मोटरसायकलचं कव्हर भिजवलं होतं. शकुताई फार बोलणाऱ्या बाई नव्हत्या, पण त्या दिवशी लेकाला त्यांनी चार शब्द सुनावले. त्याने बादली पुन्हा पुन्हा विसळली. शकुताईंनी नाकाशी धरली. वास होताच.

आता घरात असं कोणतं भांडं आहे ज्याला कधी साबण लागला नाही?

स्वयंपाकघरात, देव्हाऱ्याच्या शेजारी तांब्याचा हंडा होता. लग्नात आईने दिलेला, कुडाळहून लालबागच्या चाळीत आणि चाळीतून इथे आलेला. देवाच्या पाण्याचा. रोज अंघोळ करून, ओल्या केसांनी भरायचा, आणि आठवड्यातून एकदा चिंच-मिठाने घासायचा. साबण त्याला जन्मात शिवला नव्हता.

आणि शकुताईंशिवाय कुणी शिवलंही नव्हतं. गिरणीत आयुष्य गेलेले त्यांचे यजमानसुद्धा तहान लागली तर माठातलं पाणी प्यायचे. संघमित्रा लग्न होऊन आली ती गोवंडीच्या बौद्ध घरातून. पहिल्याच आठवड्यात ती पाणी प्यायला वाकली, हात हंड्याकडे गेला, आणि शकुताई काही न बोलता मध्ये आल्या आणि माठातलं पाणी काढून त्यांनी तिच्या हातात दिलं. कुणालाही त्यांनी तेच केलं असतं. पण संघमित्राने भांडं हातात घेतलं, एकदा हंड्याकडे आणि एकदा सासूकडे पाहिलं, आणि त्यानंतर कधी त्या कोपऱ्याकडे फिरकली नाही. झाडतानासुद्धा केरसुणी अलीकडेच थांबायची. घरात कुणी काही बोललं नव्हतं, त्यामुळे कुणाला काही परत घेता येत नव्हतं. शकुताईंना ते कुसळासारखं सलायचं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी हंडा चिंच लावून लखलखीत केला, भरला आणि वर पातळ फडकं बांधलं. देवाचं पाणी सुनेच्या खेकडीला. ती आली की सहज सांगायचं, की तुझ्या माहेरवाशिणीला मी देवाच्या हंड्यातलं पाणी दिलं हो. बाकी काही बोलावं लागणार नाही, तेवढ्यात ती समजेल.

शनिवारी खेकडीने गाजर खाल्लं नाही. रविवारी संध्याकाळी पाण्याच्या तळाशी साबुदाण्याच्या दाण्यासारखं काहीतरी पांढरट दिसलं. शकुताईंनी चष्मा लावून पाहिलं. पाय होते त्याला. हलत नव्हते.

प्रीतमने फोटो काढून बायकोला पाठवला. ती डोंगरात, मेसेजला एकच खूण आली, पोचल्याची दुसरी नाहीच. दोघांनी मिळून अंदाज बांधला की एखादं अशक्त पिल्लू असेल, गळालं असेल. शकुताईंनी हंडा त्या रात्री पुन्हा काठोकाठ भरला.

मग सोमवार उजाडला.

श्रावणी सोमवारी शकुताईंचं मौन असायचं. पहाटे उठल्यापासून संध्याकाळी दिवा लावून उपास सोडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. प्रीतम लहान असताना मेंदूज्वराने अंथरुणाला खिळला, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा शंकराच्या पिंडीपुढे त्यांनी हे व्रत बोललं होतं. पोरगा उठून बसला. त्यानंतर यजमान गेले त्या वर्षीसुद्धा श्रावणात त्यांचा सोमवार मोडला नाही. घरच्यांना सवय होती. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, फोनवरसुद्धा. "आज मातोश्री सायलेंट मोडवर," असं म्हणून प्रीतम दर सोमवारी घराबाहेर पडायचा आणि मरोळला कामावर जायचा. त्या सोमवारीही तो तसंच म्हणून गेला. त्या हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष गॅलरीत होतं.

खेकडी पाण्याबाहेर, दगडाच्या अगदी टोकावर येऊन बसली होती. तोंडाशी बारीक फेस. पाण्यात आणखी पिल्लं पडलेली, काही निपचित, काही उगाच एखादा पाय हलवणारी. पाणी खराब झालंय, दुसरं काय असणार. त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त पाणी उपसलं आणि हंड्यातलं भरपूर ताजं पाणी घातलं. मग खेकडीला हलक्या हाताने उचलून त्या पाण्यात ठेवलं. ती लगेच वर चढायला लागली. त्यांनी पुन्हा ठेवलं. ती पुन्हा चढली, पण या खेपेस अर्ध्या वाटेवरच थांबली, दम लागल्यासारखी.

शकुताई देवापुढे जाऊन बसल्या. पूजेत मन लागेना. पळी-पंचपात्रात कालचं पंचामृत तसंच राहून गेलं होतं, कडेला हिरवट कीट चढलेलं. कधी नव्हे ती ही चूक झाली. मनातल्या मनात स्वतःला बोल लावत त्यांनी ते घासलं, अभिषेक केला, आणि बेलाचं एक पान खेकडीच्या नावानेही वाहिलं.

दुपारी फोन वाजला. संघमित्रा.

"आई, मीच. घाटातल्या चहाच्या टपरीवर आहे, इथे जेमतेम रेंज येते. प्रीतमचा फोटो आत्ता पोचला. सोमवार आहे, माहीत आहे मला. तुम्ही बोलू नका, फक्त टिचकी मारा. खेकडी बरी आहे?"

दोन टिचक्या.

"पिल्लं अजून पडतायत?"

एक.

मग ती एकेक विचारत गेली, वैद्याने नाडी बघावी तशी. साबण लागला का? दोन टिचक्या. फवारा, उदबत्तीचा धूर? दोन. शेजाऱ्यांकडे पेस्ट कंट्रोल? दोन. पाणी रात्रभर ठेवलेलंच घालताय ना? एक. प्रत्येक उत्तर खरं होतं. शकुताई मोबाइल कानाशी धरून गॅलरी ते देव्हारा अशा येरझारा घालत होत्या, आणि सुनेचा आवाज हळूहळू उतरत चाललेला त्यांना कळत होता.

"मग काहीतरी रोगच असणार," ती शेवटी म्हणाली. "ऐका आई. रेंज जाईल आता. रात्री भरून ठेवलेलं पाणी आहे ना शिल्लक? टब पूर्ण रिकामा करा आणि सगळं तेच पाणी घाला. एकदम पूर्ण. कळलं?"

शकुताई हंड्यासमोर उभ्या होत्या. फडकं बाजूला केलेलं, पाणी अर्ध्यावर आलेलं. चिंचेने लखलखीत झालेल्या पोटाला, पाणी जिथवर होतं तिथे, एक बारीक हिरवी रेघ उमटली होती.

पंचपात्राच्या कडेला होती तशीच.

कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवलं तर कळकतं, हिरवं पडतं, विष होतं, हे त्यांना आईने पोळी लाटायला शिकवण्याआधी शिकवलं होतं. पाणी कळकत नाही. तांब्याचं पाणी तर माणसं औषध म्हणून पितात, त्या स्वतः जन्मभर प्यायल्या. पण माणूस कुठे आणि झडपेआडचा तो साबुदाण्याएवढा जीव कुठे. तीन दिवस त्या त्याला हे पाजत होत्या. आज सकाळी तर दुप्पट.

त्यांनी टिचक्या मारल्या. दोन. पुन्हा दोन. पुन्हा.

"काय नाही? पाणी नाही? आई, मला समजत नाहीये. आहे ते तर घाला. मी संध्याकाळी परत बघते रेंज मिळाली तर, ठेवते."

समोर देव्हाऱ्यात पिंडीवर बेल होता. त्याच्या शेजारी प्रीतमचा पाचवीतला फोटो, आजारातून उठल्यावर काढलेला, टक्कल केलेला. शकुताईंनी डोळे मिटले.

"थांब गो," त्या म्हणाल्या. "फोन ठेवू नको."

सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा निघाला.

"पाणी मी हंड्यात ठेवलं होतं. देवाच्या. तांब्याच्या. तुझ्या बादलीला साबण लागला म्हणून."

वाऱ्याचा आवाज येत होता म्हणून फोन चालू आहे एवढं कळत होतं. मग संघमित्रा बोलली, आणि तिचा आवाज इतका सपाट होता की शकुताईंना वाटलं, त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं.

"तिला आत्ता बाहेर काढा. नुसत्या ओल्या फडक्यावर ठेवा, ती हवेत जगते काही वेळ. जी पिल्लं हलतायत ती चमच्याने उचला. राधाबेनकडे माशांची टाकी आहे, त्या ड्रममध्ये पाणी भरून ठेवतात, प्लास्टिकच्या. ते मागा. पण विचारून घ्या, त्यात निळं औषध टाकलंय का. माशांच्या निळ्या औषधात तांबं असू शकतं. टाकलं असेल तर नको. आणि आई, ती मेली, तर पिल्लं तिच्या पोटाखाली ठेवू नका, ती सडायला लागली की तीही…"

आवाज तुटला. शकुताईंनी दोनदा हॅलो म्हटलं. मग मोबाइल ओट्यावर ठेवला.

खेकडी फडक्यावर आली. तिने नांगी उगारलीसुद्धा नाही. चाळून चाळून जिवंत पिल्लं एका वाटीत आली, आणि वाटी स्टीलची आहे हे पाहून त्यांनी ती रिकामी करून प्लास्टिकच्या डब्यात घेतली. स्टीलने काही होतं की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. आता कुठल्याच भांड्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

राधाबेन समोरच्याच दारात राहायच्या. सोमवारी शकुताई दिसल्या की लांबूनच हात जोडायच्या, बोलायला लावून पाप नको म्हणून. आज दार उघडून त्यांनी सवयीने हात जोडले.

"तुमच्या ड्रममधलं पाणी हवंय," शकुताई म्हणाल्या. "त्यात निळं औषध टाकलंय का?"

राधाबेनचे जोडलेले हात तसेच राहिले. "शकुबेन, तमे बोल्या? आज तर सोमवार छे ने."

"औषध टाकलंय का ते सांगा आधी."

औषध शेठ टाकतात, राधाबेन नवऱ्याबद्दल म्हणाल्या, आणि शेठ दुकानात. शेठना फोन लावला, तो उचलेनात. पुन्हा लावला. गिऱ्हाईक असेल, जरा थांबू, असं राधाबेन म्हणाल्या आणि शकुताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ताबडतोब तिसऱ्यांदा लावला. शेठनी उचलला. औषध फक्त टाकीत, माशांना ठिपके पडले म्हणून. ड्रमला हात लावलेला नाही. "आणि शकुबेनला सांग," ते पलीकडून म्हणत होते, "माशांचं पाणी उपासाला चालत नाही." कुणी हसलं नाही. दोघींनी मिळून बादल्या वाहिल्या. राधाबेन खेकड्याकडे न बघता, तोंड वळवून पाणी ओतत होत्या आणि ओतता ओतता नवकार मंत्र पुटपुटत होत्या.

टब घासून, विसळून, नव्या पाण्याने भरला. शकुताईंनी खेकडीला उतारावर ठेवलं, अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर. ती होती तशी राहिली.

मग वाट बघणं. त्या पाटावर बसून होत्या. खाली शाळेची बस आली, मुलांचा गलका झाला, ओसरला. पावसाची एक सर येऊन गेली. मध्येच त्यांनी प्रीतमला फोन लावला. बंद. तो कधी फोन बंद ठेवत नसे. पुन्हा लावला. बंदच. घशातून शब्द काढला होता तो त्यांनी, देवासमोर, त्याच्या फोटोसमोर. त्या उठल्या, पिंडीपर्यंत गेल्या, आणि काय मागावं तेच सुचेना. एका तोंडाने व्रत मोडायचं आणि त्याच तोंडाने मागायचं? त्या तशाच परत गॅलरीत आल्या.

खेकडीचे डोळे देठांवर उभे असायचे, बोट जवळ नेलं की पटकन खाचेत मिटायचे. शकुताईंनी बोट जवळ नेलं. डोळे तसेच उभे. त्यांनी डोळ्याला स्पर्श केला. काही नाही. नांगीचा सांधा उचलून सोडला, तो सुटल्यासारखा खाली आला.

एवढ्यातच ती गेली होती, की सकाळीच गेल्यात जमा होती, कोण सांगणार. झडपेच्या कडेतून एक पांढरट पाय बाहेर आला आणि आत गेला.

आत जिवंत होती. मेलेल्या आईला घट्ट धरून बसली होती.

यजमान होते तेव्हा अमावस्येच्या आसपास कुर्ल्या यायच्या, भरलेल्या असतात म्हणून. त्या साफ करायचं काम शकुताईंचं. कुर्ली उताणी करायची, अंगठ्याचं नख झडपेच्या टोकाखाली घालायचं आणि एका झटक्यात मागे ओढायची. यजमान गेल्यावर त्यांनी सगळंच सोडलं, पण अंगठा काही विसरला नव्हता. फक्त आज झटका द्यायचा नव्हता. त्यांनी खेकडीला तळहातावर उताणी घेतली, नख टोकाखाली सरकवलं आणि झडप केसाएवढी, मग आणखी थोडी, उघडत नेली.

दाटीवाटीने बसली होती. भिजलेल्या साबुदाण्यासारखी, प्रत्येकाला दोन ठिपके डोळ्यांचे. उजेड लागताच ती आणखी आत सरकायला लागली. संघमित्राच्या सामानात मऊ केसांचा ब्रश होता. तो ओला करून शकुताईंनी एकेकाला टेकवला, आणि ते आईच्या पोटाखालचा केस सोडून ब्रशचा केस धरेपर्यंत थांबल्या. ओढायचं नाही. ते सोडेल तेव्हाच सोडेल. मान आखडली, उपाशी पोटात कळ आली, तरी त्या थांबत राहिल्या. "ये," त्या प्रत्येकाला म्हणत होत्या, अगदी हळू, "ये रे बाबा, ये." मोडलंच होतं मौन, आता मोजायचं काय.

दिवेलागण झाली तेव्हा शेवटचं पिल्लू पाण्यात उतरलं होतं. मेलेल्याला हात लागला म्हणून त्यांनी पुन्हा अंघोळ केली, दिवा लावला, आणि उपास न सोडता दाराकडे तोंड करून बसल्या.

प्रीतम आला तो भिजलेला, हातात एक पिशवी. फोनची बॅटरी उतरली होती. पाण्यात हवा सोडायचा पंप शोधत तो दोन-तीन दुकानं फिरला होता. "आई," तो दारातच म्हणाला, "पंप मिळाला झकास. खेकडी कशी आहे?" शकुताईंनी उठून त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, ओल्या केसांसकट, आणि बराच वेळ सोडलंच नाही. तो गोंधळला. मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं.

संघमित्रा मंगळवारी दुपारी आली. पायातले चिखलाचे बूट न काढता सरळ गॅलरीत गेली. शकुताई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या. पाण्यात, पानांच्या खाली, पिल्लं तुरुतुरु चालत होती, सगळी नाहीत, पण पुष्कळ. संघमित्राने ती भिंग लावून पाहिली. मग प्रीतमने फ्रीजमध्ये ठेवलेल्या डब्यातून खेकडीला बाहेर काढलं, तिची झडप उघडून बघितली. आत एकही राहिलं नव्हतं, एक केससुद्धा तुटला नव्हता. स्पिरिटच्या बाटलीत खेकडीला ठेवलं, बाटली बंद केली आणि पाठमोरी तशीच बसून राहिली. तिचे खांदे हलले तेव्हा शकुताईंना कळलं.

"मी मारलं तिला," शकुताई म्हणाल्या.

"हो," संघमित्रा म्हणाली. थोड्या वेळाने नाक पुसून ती पुढे म्हणाली, "तिचं रक्तच तांब्यावर चालतं, आई. आपलं लोखंडावर, तिचं तांब्यावर. पण तेच पाण्यात जास्त झालं की कल्ले जळतात. कुणाला वाटलं असतं."

"तुला हे लिहावं लागेल ना? प्रबंधात?"

"लागेल."

"मग माझं नाव लिही. लपवू नको."

संघमित्रा वळली. डोळे लाल होते, पण तिने सासूकडे नीट पाहिलं. "नाव नसतं लिहायचं, आई. भांडं लिहायचं असतं." मग जरा थांबून, "तोच हंडा? देवाजवळचा?"

शकुताईंनी मान हलवली. तो त्यांनी रिकामा करून, उपडा घालून माळ्यावर टाकायला काढून ठेवला होता. दाराशीच होता.

"आणि मौन?"

"मोडलं."

संघमित्रा उठली. बूट आता तिने काढले, हात धुतले. हंड्यापाशी आली, एक क्षण थांबली, जशी तिची केरसुणी त्या कोपऱ्याअलीकडे थांबायची तशी. मग वाकून तिने तो दोन्ही हातांनी उचलला, नळाखाली धरला आणि भरायला लागली.

"माळ्यावर कशाला," ती म्हणाली. "माणसांना चालतं हे पाणी. मला तहान लागलीय."

त्या दिवशी मंगळवार होता, बोलायला काही आडकाठी नव्हती. तरी शकुताई बोलल्या नाहीत. त्यांनी फडताळातून दोन भांडी काढली.